बंडल पानांची बाजू

(पुण्यात पत्त्यांचे आणि पटावरचे खेळ खेळणाऱ्यांच्या एका बैठकीत दिलेलं व्याख्यान. शब्दांकन करताना मधली प्रश्नोत्तरं आणि काही पुनरावृत्ती गाळली आहे.)

नमस्कार मंडळी. फँटसी कार्ड गेम म्हटलं की ड्रॅगन, देवदूत, चकाकणारी फॉइल कार्डं यांच्यावर बोलायला माणसं हवी तेवढी मिळतात. मला बोलायचंय ते तुम्ही पॅक फोडल्यावर धड न वाचता बाजूला सारता त्या कार्डांवर. नंतर ती बुटाच्या खोक्यात जाऊन पडतात आणि दिवाळीच्या साफसफाईत आई विचारते, ‘हे टाकू का?’ त्यांना आपण सगळेच बंडल म्हणतो. ती मुद्दाम बनवतात का, बनवावीत का, आणि कार्ड खरंच बंडल आहे हे ठरवायचं कसं, एवढाच आजचा विषय. माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे भांडायची तयारी करायला तुम्हाला वेळ मिळेल. कार्ड कमजोर असणं हा दोष नाही. कुठल्याच डावात, कुणाच्याच हातात ते हवंसं वाटणार नसेल, तर तो दोष. या दोन गोष्टींची आपण कायम गल्लत करतो.

इथे तीनशे चार खेळणारे किती आहेत? बरेच आहेत, छान. हिशेब तुम्हाला पाठ असेल: गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २. रंगाचे झाले ७६, चार रंगांचे ३०४. अठ्ठी आणि सत्तीला भोपळा. आता मला सांगा, या आठ शून्यवाल्या पानांची गरज काय? काढून टाकू. चोवीस पानं राहतील, प्रत्येकाला काही ना काही गुण, सगळे खूश. पण खेळून बघा. भिडूचा हात होत असेल तर तुम्ही त्यावर गुणांचं पान चढवता. समोरच्यांचा हात होत असेल तेव्हा काय टाकता? सत्ती. त्या क्षणी हातात सत्ती असणं यासारखं सुख नाही. ती दुबळीच आहे, तिनं कधी हात मारायचा नाहीये. तरी तिची एक वेळ येते. आणि यातच बाकीची पानं मिसळून मेंढीकोट खेळायला बसलात, तर राजेशाही गुलाम एकदम सामान्य माणूस होतो आणि सगळी झटापट दश्श्यांवरून सुरू होते. पानावरचं चित्र तेच, नियम बदलले.

आता आपल्या मुख्य खेळाकडे. रिचर्ड गारफिल्ड यांचं ‘मॅजिक : द गॅदरिंग’ १९९३ साली आलं. माणूस गणितातला. पहिल्याच संचात त्यांनी पाच रंगांना पाच कार्डं दिली. प्रत्येकाची किंमत एक माना, म्हणजे कार्ड खेळायला लागणारं एक इंधन, आणि प्रत्येकातून तीन काहीतरी मिळणार. लाल रंगाला लायटनिंग बोल्ट : तीन इजा. हिरव्याला जायंट ग्रोथ : प्राण्याची मारायची आणि सोसायची ताकद तात्पुरती तीन-तीननं वर. काळ्याला डार्क रिच्युअल : तीन काळे माना. पांढऱ्याला हीलिंग साल्व : तीन आयुष्य मिळवा, किंवा तीन इजा अडवा. निळ्याला अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल : तीन कार्डं ओढा. कागदावर किती देखणी मांडणी आहे! पाच भाऊ, सारखा वाटा.

प्रत्यक्षात अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल हे खेळाच्या इतिहासातलं एक सगळ्यात जबरदस्त कार्ड ठरलं. ज्या स्पर्धांत ते चालतं तिथेही डेकमध्ये, म्हणजे खेळाडूच्या स्वतःच्या गड्डीत, एकच ठेवता येतं. हीलिंग साल्व डेकमध्ये घातलंत तर शेजारचा विचारेल, ‘बरा आहेस ना?’ असं का झालं? सुरुवातीला हातात सात कार्डं असतात आणि आयुष्य वीस. एका मानात तीन कार्डं म्हणजे जवळजवळ अर्धा नवा हात. तीन आयुष्य म्हणजे समोरच्याचा एक हल्ला लांबला, तोही त्यानं केला तर. हातातलं कार्ड स्वतः खर्ची पडलं ते वेगळंच. वीसपैकी शेवटचं एक आयुष्य शिल्लक असलं तरी डाव जिंकता येतो, बाकीची एकोणीस ही खर्च करायची पुंजी आहे. हे कळायला खेळणाऱ्यांना वेळ लागला. १९९५ च्या आइस एज संचात नेक्रोपोटन्स आलं. त्यात नेहमीचं ओढणं बंद होतं, त्याबदल्यात एक आयुष्य दिलं की एक कार्ड, हवी तेवढी. ‘स्वतःचं रक्त कोण सांडेल?’ म्हणून आधी बहुतेकांनी नाक मुरडलं. १९९६ च्या उन्हाळ्यात स्पर्धांमध्ये जिकडेतिकडे तेच दिसायला लागलं, इतकं की त्या मोसमाला ‘काळा उन्हाळा’ असं नाव पडलं. म्हणजे हीलिंग साल्व वाईट का आणि नेक्रोपोटन्स भयंकर का, याचं कारण एकच आहे. आयुष्य स्वस्त, कार्ड महाग. एकदा ही दरपत्रिका डोक्यात बसली की अर्धं मूल्यमापन तिथेच होतं.

दरपत्रिकेची सोपी कसोटी सगळे वापरतात. दोन मानात दोन-दोनचा प्राणी, म्हणजे ग्रिझली बेअर्स. त्याच संचात ग्रे ओगर आहे : तीन माना, दोन-दोन, बाकी काही नाही. हे कार्ड वाईट आहे हे सांगायला विद्वान लागत नाही. पण ही कसोटी इथेच थकते, कारण कार्ड एकटं खेळत नाही. त्याची तुलना संचातल्या सर्वोत्तम कार्डाशी करायची नसते. तुमच्या डेकमधल्या शेवटच्या, जेमतेम आत शिरलेल्या कार्डाशी करायची. तेविसावी जागा कुणाला द्यायची, हा खरा प्रश्न.

तेविसावी म्हणालो कारण ड्राफ्टचा, म्हणजे पॅकमधून एक कार्ड उचलून बाकीची शेजाऱ्याला देत डेक जमवायच्या प्रकाराचा, हिशेब तसा आहे. आठ जण, प्रत्येकी तीन पॅक, जुन्या पद्धतीनं पॅकमध्ये १५ कार्डं. म्हणजे टेबलावर ३६०. प्रत्येकाकडे ४५ येतात, डेक चाळीसचा, त्यात सतराएक जमिनी, म्हणजे माना पुरवणारी कार्डं, उरली तेवीस. आठ गुणिले तेवीस, १८४. ३६० पैकी जवळपास निम्मी कार्डं कुणीच खेळणार नाही. तुम्ही सगळी ३६० अगदी तोडीस तोड बनवलीत तरीही! मग निवडायला उरलं काय? पहिला पॅक टेबलाभोवती फिरून नवव्या निवडीला परत तुमच्याकडे येतो तेव्हा त्यात सात कार्डं असतात. आपल्याला हवं असलेलं साधंसं कार्ड बाकी सातही जणांनी सोडलेलं दिसणं, ही ड्राफ्टमधली माझी सगळ्यात आवडती वेळ. सगळीच कार्डं बलवान असती तर ती वेळ आलीच नसती.

मॅजिकचे एक रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी २००२ साली हीच बाजू सविस्तर मांडली होती : ताकद सापेक्ष आहे, कार्डं वेगवेगळ्या खेळाडूंसाठी असतात, आणि कुठलं कार्ड वाईट हे स्वतः शोधून काढण्यात शिकणाऱ्याला आनंद असतो. पहिले दोन मुद्दे मला पूर्ण मान्य. तिसऱ्याबद्दल मी जरा खवचट आहे. शोधाचा आनंद वगैरे ठीक, पण पॅक बंद पाकिटात विकायचा, काही शे रुपये घ्यायचे, आणि आतलं एकुलतं एक रेअर, म्हणजे दुर्मिळ कार्ड, बंडल निघालं की ‘बघ, किती शिकलास’ म्हणायचं? बंडल कार्ड कॉमनमध्ये, म्हणजे सहज मिळणाऱ्यांत, असलं तर ते शिक्षण. रेअरच्या जागी असलं तर ती फी झाली. रेअर कार्ड विचित्र असावं, अवघड असावं, नव्वद टक्के लोकांना नको असावं, चालेल. सपक असू नये.

विचित्र म्हणजे कसं? २००५ चं वन विथ नथिंग घ्या. एक काळा माना द्या आणि आपल्या हातातली सगळी कार्डं फेकून द्या. बस, एवढंच. आपल्याच पायावर धोंडा मारून घेण्यासाठी वर पैसे मोजायचे! लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. पण पुढे एक डेक आला, जो समोरच्याचा हात कार्डांनी ठासून भरायचा आणि हात भरलेला आहे म्हणून त्याला इजा करायचा. त्याच्याविरुद्ध काही जणांनी हेच कार्ड राखीव पंधरात, म्हणजे दोन डावांच्या मध्ये बदलून घेता येणाऱ्या कार्डांत, घालून नेलं. हात रिकामा केला की त्या डेकचे दातच पडतात. म्हणून माझ्या लेखी वन विथ नथिंग पास आणि हीलिंग साल्व नापास. एकाची वेळ वर्षानुवर्षांत एकदा येते, पण येते तेव्हा दुसरं कुठलंही कार्ड ते काम करत नाही.

डार्क डेप्थ्सची गोष्ट याहून मोठी. २००६ ची ही जमीन. ती बर्फाच्या दहा खुणा घेऊन येते, एक खूण काढायला तीन माना. म्हणजे तीस माना ओतलेत की आतून वीस-वीसचा उडणारा, अविनाशी राक्षस बाहेर. तीस माना होईपर्यंत डाव संपून चहा झालेला असतो. मग २००९ मध्ये झेंडिकारमध्ये व्हँपायर हेक्समेज आली : दोन मानांची एक बारकीशी चेटकीण, तिचा बळी दिला की कुठल्याही एका कार्डावरच्या सगळ्या खुणा जातात. तीसचं काम दोनात! मॉडर्न हा खेळाचा प्रकार २०११ मध्ये सुरू झाला तो डार्क डेप्थ्सवर बंदी घालूनच. इथे बनवणाऱ्यांनी एक गोष्ट नीट बघावी. डार्क डेप्थ्सचं एक अक्षरही बदललं नव्हतं. कमजोर कार्डात एखादी टोकाची गोष्ट लिहून ठेवली असेल आणि तिला आवर फक्त किमतीचा असेल, तर पुढे कुणीतरी किमतीला वळसा घालणारच. सपक कार्ड कधी अंगावर येत नाही, विचित्र कार्ड येतं. हा धोका पत्करायचा की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी पत्करतो.

आणखी एक कमजोरी असते, तिचा आकड्यांशी संबंध नसतो. २०१६ मध्ये हार्थस्टोन या संगणकावरच्या पत्त्यांच्या खेळात प्यूरिफाय नावाचं कार्ड आलं. दोन मानात आपल्याच एका सैनिकाचे गुणधर्म पुसून टाका आणि एक कार्ड ओढा. कार्ड दुबळं होतं, पण त्याहून दुबळी कार्डं त्या खेळात होती. तरी लोक खवळले, कारण तिथे खेळाडू एक वर्ग निवडून खेळतो, ते प्रीस्ट वर्गाला दिलं होतं आणि तो वर्ग तेव्हा आधीच गाळात होता. शेवटी अरीनातून, म्हणजे तिथल्या ड्राफ्टसारख्या प्रकारातून, ते काढून टाकावं लागलं. उपाशी माणसाला पाचकाची गोळी दिल्यासारखं झालं ते. कार्ड कुणाच्या वाट्याला येतंय आणि कधी येतंय, हेही त्याच्या मूल्यात धरावं लागतं.

आता आमच्या टेबलावरचं एक कार्ड दाखवतो. आम्ही काही जण आपल्याकडच्या भुताखेतांचा एक खेळ बनवतोय. मानाच्या जागी वाती आहेत. त्यात मुंजा आहे : किंमत तीन वाती, ताकद एक-एक, आणि ओळ अशी, ‘टेबलावर कुणाचाही पिंपळ असेतोवर मुंजा मरत नाही.’ चाचणीत त्याला कुणी हात लावेना. पहिली सूचना अर्थातच आली, ताकद दोन-दोन करा. दुसरी, किंमत दोन करा. दोन्ही केलं असतं तर मुंजा चारचौघांसारखा झाला असता. आम्ही मुंजाला हात न लावता पिंपळाकडे बघितलं. संचात पिंपळाची कार्डं दोनच होती आणि दोन्ही महाग. तिथे जमिनींमध्ये एक स्वस्त, कॉमन पार घातला, जो एक वात देतो आणि पिंपळ म्हणून मोजला जातो. मुंजा आहे तसाच एक-एक राहिला. पण आता समोरच्याच्या पारावर आपला मुंजा बसवता येतो, आणि त्याला आपलं भूत घालवायचं तर स्वतःचीच वात विझवावी लागते. अजूनही बरेच जण तो सोडतात. ज्यांना कळतं ते नवव्या निवडीला उचलतात.

चाचणीच्या आकड्यांबद्दल दोन शब्द. मॅजिकच्या डिजिटल ड्राफ्टचे आकडे सेव्हन्टीन लँड्स या साइटवर मिळतात : कार्ड हातात आलं तेव्हा डाव जिंकण्याचं प्रमाण किती, पॅकमध्ये ते सरासरी किती उशिरापर्यंत दिसतं, वगैरे. उपयोगी आहेत, पण आंधळेपणानं वाचू नका. फक्त एकाच प्रकारच्या डेकमध्ये शोभणारं कार्ड तोच डेक असलेले लोक खेळतात, म्हणून त्याचं प्रमाण फुगतं. उलट सगळे जण नाइलाजानं घालतात त्या भरतीच्या कार्डाचं प्रमाण पडतं. आणि आपल्यासारख्या घरगुती चाचणीत तर डावच इतके थोडे असतात की टक्केवारी काढणं म्हणजे निव्वळ करमणूक. त्यापेक्षा खेळणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं. कार्ड वाचून त्यानं ते हाताच्या कडेला सरकवलं, आणि डाव संपेपर्यंत परत मध्ये आणलंच नाही, असं तीन वेगळ्या माणसांनी केलं की मी त्या कार्डाचा कागद बाहेर काढतो.

तर आता मागच्या चार टेबलांवर आमचे पॅक ठेवलेत. प्रत्येक टेबलाला आठ जण बसा. कार्डं म्हणजे साधे छापील कागद आहेत, मागे जुनी पत्त्यांची पानं घालून प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवलेली, तेव्हा पिसताना जरा जपून. डाव संपल्यावर जे कार्ड हातात नुसतं पडून राहिलं, त्याच्या पुढच्या बाजूला पेन्सिलीनं एक टिंब द्या. पुढच्या बाजूला हं, मागे नको, नाहीतर दुसऱ्या फेरीत सगळ्यांना सगळ्यांची पानं कळतील. आणि मुंजा कुणाला आला तर आधी समोरच्याच्या जमिनी वाचा.