ओढणं एवढंच येतं

उजव्या हाताची बाही वर सारा. कोपराच्या खालचा मांसल भाग डाव्या हाताने अलगद धरा, आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटा.

कातडीखाली काहीतरी सरकलं ना? बोटं वाकवणारे मोठे स्नायू इथे आहेत. काही छोटे तळहातात असतात, पण खुद्द बोटांत हाड हलवणारा एकही स्नायू नाही. कोपराजवळ सुरू झालेला स्नायू मनगटाकडे येता येता निमुळता होतो, त्याची पांढरी, चिवट कंडरा बनते आणि ती थेट बोटाच्या हाडाला जाऊन चिकटते. वर ओढ बसली की खाली बोट वाकतं.

हाडांना जोडलेले असे सहाशेहून जास्त स्नायू आपल्या अंगात आहेत. त्या सगळ्यांना ओढणं एवढंच येतं. ढकलणं एकालाही येत नाही.

मग आपण दार कसं ढकलतो? दंडाच्या मागचा स्नायू कोपराच्या टोकाला मागून ओढतो, हात सरळ होतो, दार उघडतं. हात दुमडायचा झाला तर पुढची बेटकुळी आखडते आणि मागचा स्नायू सैल पडतो. आखडलेल्या स्नायूला आपणहून लांब होता येत नाही. त्याला कुणीतरी ताणावं लागतं. मध्यरात्री पोटरीत गोळा आला की आपण पायाची बोटं धरून वर खेचतो, ते याचसाठी.

आता आत शिरू. स्नायू म्हणजे तंतूंच्या जुड्या. एकेक तंतू ही एकच पेशी, पण केवढी! जाडी केसाइतकी किंवा त्याहून कमी, लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर. अनेक पेशी एकजीव होऊन ती घडते, म्हणून तिच्यात केंद्रकं शेकड्यांनी सापडतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर फिकट आणि गडद पट्टे दिसतात. गडद पट्ट्यांत मायोसिन या प्रथिनाचे जाड धागे, आणि फिकट पट्ट्यांतून त्यांच्या मध्ये घुसलेले ॲक्टिनचे बारीक धागे.

स्नायू आखडतो तेव्हा हे धागेच आकसत असतील, असं पूर्वी वाटायचं. 1954 मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचं आपसात नातं नव्हतं, पण दोघांना दिसलं ते एकच: आखडताना फिकट पट्टे अरुंद होतात, गडद पट्ट्यांची रुंदी तेवढीच राहते. धाग्यांची लांबी बदलतच नाही. ते एकमेकांवरून सरकतात.

मज्जातंतूचा इशारा आला की पेशीतल्या पिशव्यांमधून कॅल्शियम सुटतं आणि ॲक्टिनवरच्या जागा उघड्या पडतात. मायोसिनची इवली डोकी तिथे पकड घेतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे पकडतात. पाणी शेंदताना हातावर हात टाकत दोर वर घ्यावा, अगदी तसं.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती पकड सुटण्याची गोष्ट. प्रत्येक डोकं सुटायला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक नवा रेणू लागतो. मृत्यूनंतर हे इंधन संपतं, पकड तशीच राहते, आणि म्हणून शरीर ताठ होतं.

बोटं आता सैल सोडा. डाव्या हाताखालचा भाग मऊ पडला असेल. कॅल्शियम आपल्या पिशव्यांत परत गेलं आणि डोक्यांनी धागे सोडले.