दुधाच्या पाच बादल्या

मंडळी, क्रांतीनंतर पुढारी बिघडतात, हे आपण लोखंड गंजतं म्हणावं इतक्या सहज म्हणून टाकतो. गंज पहिल्यांदा कुठे धरला, ते बघायचं मात्र राहून जातं. म्हणून जॉर्ज ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’ या कादंबरीच्या त्या प्रसिद्ध शेवटाबद्दल आज मी बोलणार नाही. मला बोलायचंय ते दुधाबद्दल.

शेतावरच्या प्राण्यांनी बंड करून मालकाला नुकतंच हाकललंय. गाईंची कास तटतटलीय. डुकरं कशीबशी धार काढतात. फेसाळ दुधाच्या पाच बादल्या भरतात. एक कोंबडी म्हणते, पूर्वी आमच्या खाण्यात यातलं थोडं मिसळायचे. तेवढ्यात नेपोलियन हा डुक्कर बादल्यांपुढे येऊन उभा राहतो. दुधाचं बघू नंतर, आधी कापणी! सगळे निमूट शेतावर जातात. संध्याकाळी परततात, तर दूध गायब.

बस, इतकंच. रक्त नाही, आरडाओरडा नाही. पुढे डुकरांचा खुलासा येतो तोही किती गोड! दूध आणि सफरचंदं आम्हाला आवडतात म्हणून थोडीच खातो? डोक्याचं काम आमच्याकडे. आमची तब्येत ढासळली तर जुना मालक परत येईल, चालेल तुम्हाला? हाकललेला मालक असा नव्या मालकाच्या उपयोगी पडतो.

ही गोष्ट म्हणजे रशियन क्रांतीचं रूपक. १९४६च्या डिसेंबरात ऑर्वेलने एका पत्रात लिहिलं, की गोष्टीला वळण लागतं ते दूध-सफरचंदांपाशी. पुढे कंसात एकच शब्द: क्रोनश्टाट.

क्रोनश्टाट हा फिनलंडच्या आखातातला रशियाचा नाविक तळ. १९१७ साली क्रांतीच्या आघाडीवर असलेला. तिथल्याच खलाशांनी २८ फेब्रुवारी १९२१ रोजी १५ मागण्या मांडल्या: सोव्हिएतच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या निवडलेल्या परिषदांच्या, नव्या निवडणुका, त्याही गुप्त मतदानाने, कामगार-शेतकऱ्यांना बोलण्याची मोकळीक, आणि धोक्याच्या कामावरचे सोडून सगळ्या श्रमिकांना सारखा शिधा. म्हणजे बादलीचाच प्रश्न! क्रांतीनंतरच्या सरकारचं उत्तरही ठरलेलं: हे जुन्या राजवटीच्या सेनापतीचे हस्तक आहेत. मार्चमध्ये गोठलेल्या समुद्रावरून सरकारची लाल फौज चालून गेली, १८ तारखेपर्यंत सगळं आटोपलं. त्या फौजेचा सेनापती तुखाचेव्स्की. १९३७मध्ये त्यालाही देशद्रोही ठरवून गोळी घातली गेली.

आता प्राण्यांनी बंडानंतर भिंतीवर लिहिलेल्या नियमांकडे वळू. डुकरं सुरुवातीला नियम पुसत नाहीत, शेपटीला एखाद-दोन शब्द जोडतात. कोणत्याही प्राण्याने दुसऱ्याला मारू नये, असा नियम होता. नेपोलियनने प्राण्यांची कत्तल करवल्यावर क्लोव्हर या घोडीला शंका येते. तिला धड वाचता येत नाही, म्हणून ती बेंजामिन गाढवाला वाचून दाखव म्हणते. त्याला डुकरांइतकंच उत्तम वाचता येतं, पण असल्या भानगडीत आपण पडत नाही, असं म्हणून तो नकार देतो. शेवटी म्युरिएल शेळी वाचते: ‘विनाकारण’ मारू नये. क्लोव्हरला वाटतं, आपल्याच लक्षात राहिलं नसेल.

खरं सांगू? मला नेपोलियनपेक्षा या गाढवाचा राग जास्त येतो. तोही एकदा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतो, नाही असं नाही. पण कधी? तर बॉक्सर घोड्याला इस्पितळाच्या नावाखाली न्यायला आलेल्या गाडीवर खाटकाचं नाव असतं तेव्हा. तो वाचून संपवतो न संपवतो, तोच गाडीवान चाबूक उगारतो.