तोंडातला घास नाही, अख्खं तोंडच

नमस्कार मंडळी. आज गप्पा जपानी बालगाण्यांच्या, म्हणजे कार्टूनमधली, बालवाडीतली, ऐकली की पोरं जागच्या जागी उड्या मारायला लागतात ती. आणि जपानी म्हटल्यावर लगेच रेडिओ बंद करू नका, कारण तुमच्यापैकी जे नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी आंघोळ टाळून दूरदर्शनसमोर मोगली बघत बसायचे ते सगळे जपानी कार्टूनच बघत होते. चित्रं तिकडची, १९८९ सालची. चड्डी घालून उमललेलं फूल मात्र पक्कं आपलं, गुलजारांनी लिहिलेलं, चाल विशाल भारद्वाजांची. तिकडच्या मोगलीचं गाणं वेगळंच होतं. आणि इथंच गोची झालीये बघा, चित्रं आली, डोरेमॉन आला, शिनचॅन आला, आपली पोरं त्यांच्यासारखं हिंदी झाडायला लागली, पण मूळ गाणी बरीचशी वाटेतच राहिली.

मलाही ती माहीत नव्हती. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं तोक्योत होतो, निशि-कासाईला, तिथे आपली माणसं पुष्कळ. मुलगा अडीच वर्षांचा, त्याला पाळणाघरात घातलेला, तिकडे होइकुएन म्हणतात. एक दिवस त्याला आंघोळ घालतेय, डोक्याला साबण, आणि हा पाय आपटत मार्चच्या ठेक्यात काहीतरी बेंबीच्या देठापासून गातोय. मी जरा शब्द ऐकले आणि तांब्या हातातच राहिला. अर्थ साधारण असा, की मी जन्माला कशासाठी आलो, काय करत जगायचं, याचं उत्तर देता येत नाही असं मला चालणारच नाही. अहो, अडीच वर्षांचं पोर! आपल्याकडे हा प्रश्न कीर्तनात बुवा विचारतात, तोही समोर साठीपुढची मंडळी बसलेली असतात तेव्हा.

तर हे गाणं आनपानमानचं. आनपान म्हणजे पाव, आत लाल कडधान्याचं गोड पुरण, आपल्या पुरणाच्या पोळीचा लांबचा भाऊ म्हणा. या हिरोचं डोकंच तो पाव आहे. कुणी भुकेलं दिसलं की हा उडत येतो आणि स्वतःचा गाल तोडून खायला देतो. आपण तोंडातला घास काढून देतो म्हणतो, हा अख्खं तोंडच देतो. डोकं भिजलं किंवा कमी झालं की ह्याची ताकद जाते, मग बेकरीवाले जॅमकाका भट्टीतून नवीन गरमागरम डोकं काढतात. हे चित्रांचं पुस्तक १९७३ मध्ये आलं तेव्हा मोठ्यांनी नाकं मुरडली होती, चेहरा खायला देतो म्हणजे काय भलतंच. पोरांना मात्र आवडलं.

हे सगळं ज्यांच्या डोक्यातून आलं ते ताकाशी यानासे, जन्म १९१९ चा. टीव्हीवर कार्टून सुरू झालं १९८८ मध्ये, तेव्हा आजोबा ६९ वर्षांचे, म्हणजे आपल्याकडे रिटायर होऊन दहा वर्षं झालेली असतात. गाण्याचे शब्द त्यांचेच, चाल ताकाशी मिकी यांची. यानासे तरुणपणी सैन्यात चीनमध्ये होते, तिथे उपाशी राहणं काय असतं ते बघितलं, धाकटा भाऊ नौदलात गेला तो परत आलाच नाही. आणि ज्या लढाईला न्यायाची लढाई म्हणून पाठवलं होतं, ती हरल्यावर एका रात्रीत चुकीची ठरली. मग त्यांचं म्हणणं झालं की बाजू बदलली की न्याय बदलतो, पण भुकेल्याला खायला दिलं तर ते कुठल्याच बाजूला चूक ठरत नाही. हे एवढं मोठं ओझं त्या पावाच्या डोक्यात भरलंय आणि वर चाल अशी की पोरगं टाळ्या वाजवत गातं. छातीतली जखम दुखत असली तरी जगण्याचा आनंद आहे, असंही त्यात येतं. सगळं छान छान आहे असं ते गाणं सांगतच नाही, मला तेच आवडलं. आपल्याकडची प्रेरणादायी गाणी ऐकली की कधीकधी वाटतं, यांना कधी रडू आलंच नसेल का.

११ मार्च २०११ ला ईशान्य जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी झाली. घरं गेली, वीज गेली, लोक शाळांच्या जिमखान्यात चादरींवर झोपलेले. तेव्हा रेडिओवर या गाण्यासाठी फर्माइशी यायला लागल्या, जशी आपल्याकडे ‘आपली आवड’ला पत्रं यायची तशा, आणि त्या निवाऱ्यांमधली मुलं रेडिओबरोबर गायला लागली. मोठी माणसं ऐकून रडत होती. आजोबा तेव्हा ९२ वर्षांचे, काम थांबवायचं त्यांच्या मनात होतं, ते राहिलं, तिकडच्या मुलांसाठी चित्रं काढत बसले. २०१३ मध्ये गेले.

त्यांचंच एक जुनं गाणं आहे, १९६१ चं, तळहात सूर्यासमोर धरून बघण्याचं. तेव्हा त्यांचं काही धड चालत नव्हतं, रात्री काम करताना हात दिव्याशी नेला तर आतलं रक्त लालभडक दिसलं, मन मेलंय पण रक्त मस्त वाहतंय की! एवढंच. पुढे त्या गाण्यात गांडूळ येतं, चतुर येतो, बेडूक येतो, सगळे जिवंत म्हणून सगळे दोस्त. गांडुळाला दोस्त म्हणणारं बालगीत मी तरी दुसरं ऐकलेलं नाही, तुम्हाला माहीत असेल तर कळवा.

टोटोरो सिनेमातलं चालण्याचं गाणंही सांगायलाच हवं, संगीत जो हिसाइशींचं. पाळणाघरातली पोरं रंगीत टोप्या घालून, अगदी लहान असतील ती ढकलगाडीत उभी राहून, बाहेर फिरायला निघतात तेव्हा हेच चालू असतं. चला चालू या, मी गेन्की आहे. गेन्की म्हणजे काय तर टुणटुणीत. यात काही शिकवण वगैरे नाही, चढ आहे, बोगदा आहे, कोळ्याचं जाळं आहे, पाय चालतायत, बास.

आता मी पुण्यात रविवारी चार-पाच पोरांना ही गाणी शिकवते. आपल्या तोंडाला जपानी फार सोपं जातं हो, आ ई ऊ ए ओ तेच, अक्षराला अक्षर सुटं, देवनागरीत लिहून दिलं की पोरं पहिल्या दिवशी गातात. फक्त त्सु जरा अडतो, त्याचा च्चू होतो, होऊ दे. तळहाताचं गाणं शिकवताना मी खोलीतला दिवा बंद करून मोबाईलचा टॉर्च बोटांखाली धरते, मग एकच कल्ला, माझं जास्त लाल, नाही माझं जास्त लाल.

परवा सहा वर्षांची एकजण म्हणाली, मावशी, त्याने सगळंच तोंड वाटून टाकलं तर मग तो गातो कशाने? मी म्हटलं पुढच्या रविवारी सांगते. अजून सुचलेलं नाही. काचेपलीकडून दादा हात दाखवतायत, म्हणजे वेळ झाली, तर आता तेच गाणं लावतोय, पाय आपटायचे असतील तर खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा.