तेरावं गाणं टाकणारा माणूस

[कॅमेरा सुरू. टेबलावर एक जुनी कॅसेट.]

नमस्कार मंडळी. ही बघा, 60ची कॅसेट. ज्यांचा जन्म 2000 नंतरचा आहे त्यांच्यासाठी सांगतो, एका बाजूला 30 मिनिटं, उलटून लावली की आणखी 30. कोल्हापुरात महाद्वार रोडला एका बोळात दुकान होतं, तिथं मी ही भरून घेतली होती. कागदावर 12 गाण्यांची यादी न्यायची, चार दिवसांनी कॅसेट आणायला जायचं. तर हिच्यात 12 गाणी बसून शेवटी पाचेक मिनिटं फीत उरली. दुकानदारानं काय करावं? स्वतःच्या मनानं एक गाणं टाकून दिलं. मला न विचारता. घरी येऊन ऐकलं आणि डोकंच फिरलं. पैसे माझे, यादी माझी, हा कोण टिकोजीराव?

आज त्या यादीतली निम्मी गाणी मला आठवत नाहीत. ते तेरावं तेवढं तोंडपाठ आहे.

दुकान केव्हाच बंद झालं. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पण तेरावं गाणं टाकणारी माणसं संपलेली नाहीत, ती इंटरनेटवर बसलीत, ऑनलाइन कार्यक्रम आणि पॉडकास्ट, म्हणजे हवं तेव्हा ऐकता येणारे कार्यक्रम, करत. त्यांना कसं गाठायचं, एवढाच आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, त्याला माणूस कशाला पाहिजे, ॲप आहे की. आहे. मागच्या श्रावणात आईसाठी माझ्या फोनवर दोन आरत्या लावल्या, तर पुढं पंधरा दिवस सकाळी जिममध्ये माझ्या कानात आरत्याच. ॲपची चूक नाही म्हणा. ते बघतं तुम्ही काय ऐकलं, तुमच्यासारख्या आणखी लोकांनी काय ऐकलं, आणि दोन्हीची गोळाबेरीज पुढं करतं. गोची कुठं होते? जे गाणं अजून कुणी ऐकलंच नाही, त्याची गोळाबेरीज कशाची करणार? गडहिंग्लजच्या एखाद्या पोरानं काल रात्री घरात बसून केलेलं गाणं ॲपच्या लेखी जवळजवळ नसल्यातच जमा. ते आधी कुणीतरी कानानं ऐकून "हे ऐका" म्हणावं लागतं.

आपल्या गावाशी नातं असलेली एक गोष्ट सांगतो, मला ही लई आवडते. 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची अवकाशयानं सोडली, त्यांच्यावर जगभरचं संगीत भरलेली, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. त्यात आपल्याकडचं एकच गाणं, केसरबाई केरकरांची भैरवी, साडेतीन मिनिटांची. केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब म्हणजे शाहू महाराजांच्या पदरचे दरबारी गवई. हे आपण अभिमानानं सांगतो. पण ते गाणं निवडलं गेलं कसं? रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीत-अभ्यासकानं हट्टानं सुचवलं, म्हणून. आणि सुचवल्यावर रेकॉर्ड मिळेना! शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. एका माणसाच्या कानावर विश्वास ठेवून दुसऱ्यानं दुकानं पालथी घातली, तेव्हा ती भैरवी ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली. नाद खुळा.

आता थोडा कायदा. पळू नका, दोन मिनिटं. ऑनलाइन कार्यक्रम आणि पॉडकास्टमध्ये अनोळखी, स्वतंत्र कलाकारच जास्त का भेटतात, याचं कारण यात आहे. एका गाण्याचे हक्क दोन ठिकाणी असतात. शब्द आणि चाल एकीकडं, रेकॉर्डिंग दुसरीकडं. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली 31-डी नावाचं कलम आलं. त्यामुळं एफएम रेडिओला ठरवून दिलेला दर भरून गाणी वाजवता येतात, गाण्यांच्या प्रत्येक कंपनीच्या दारात जावं लागत नाही. इंटरनेटला ही सवलत लागू होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं 2019 मध्ये दिला. मग मी पॉडकास्टमध्ये गाजलेलं सिनेमाचं गाणं लावायचं म्हटलं तर कंपनीची परवानगी काढायला माझी हयात जाईल. पण ज्या पोरानं स्वतः लिहिलं, स्वतः चाल लावली, स्वतःच रेकॉर्ड केलं, त्याचे दोन्ही हक्क त्याच्याच खिशात. त्याला नुसता फोन करायचा. "लाव की दादा," म्हणतो, विषय संपला. मोठी कंपनी पाठीशी नसणं हा त्याचा तोटा, पण इथं तोच त्याच्या कामी येतो.

आपल्या देशात याचं चांगलं उदाहरण म्हणजे 'मेड इन इंडिया'. 'मेड' (इंग्रजीत Maed) ही मे (Mae) मरियम थॉमस या बाईंच्या नावावरून केलेली कोटी आहे. मुंबईत 2015 साली त्यांनी हे पॉडकास्ट सुरू केलं. कलाकार स्टुडिओत येतो, गप्पा होतात आणि तिथंच तो वाजवून दाखवतो. जुने भाग चाळायला बसलात की गुवाहाटीपासून कोचीपर्यंत फिरून येता. भाषा इंग्रजी आहे, पण गाणी सगळ्या भाषांतली.

[स्क्रीनवर ऑफिसच्या टेबलाचं चित्र.]

आता माझा सगळ्यात लाडका कार्यक्रम. टायनी डेस्क. वॉशिंग्टनला एनपीआर म्हणून सार्वजनिक रेडिओ आहे, तिथं बॉब बॉयलन यांचं कामाचं टेबल होतं, त्याच्यामागं बसून कलाकार वाजवतात. बॉयलन 2023 मध्ये निवृत्त झाले, कार्यक्रम चालू आहे. मागं फाइली, पुस्तकं, खेळणी, सगळा पसारा. सुरू कसं झालं ऐका. 2008 साली बॉयलन आणि त्यांचा एक सहकारी ऑस्टिन शहरात लॉरा गिब्सन या गायिकेला ऐकायला बारमध्ये गेले. बाई हळू आवाजात गाणाऱ्या आणि लोकांचा हा गोंगाट. एक शब्द ऐकू येईना. तर सहकारी गमतीत म्हणाला, त्यापेक्षा आमच्या ऑफिसात येऊन गा. आणि त्या खरंच आल्या.

पण खरी गंमत आवाजाची आहे. तिथं स्पीकर नाही. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मोठा करून ऐकवणारं काही नाही. आपण कोल्हापूरकर. विसर्जनाला डॉल्बीसमोर उभं राहून छातीचा पिंजरा हलवून घेणारी जमात. आपल्याला हे पटकन पचत नाही. पण विचार करा, स्पीकर नसला की काय होतं? ड्रमवाल्याला हात आवरावा लागतो, नाहीतर गाणारीचा आवाज बुडतो. गिटारवाला तिच्या श्वासाकडं बघत वाजवतो. सगळ्यांना एकमेकांचं ऐकावंच लागतं. देवल क्लबमध्ये छोट्या बैठकीला बसला असाल तर ओळखाल, तबलजी गवयाच्या तोंडाकडं का बघत असतो ते. त्यामुळं टायनी डेस्कवर कच्चा कलाकार लगेच उघडा पडतो आणि पक्का असेल तर पंधरा-वीस मिनिटांत तुमच्या घरचा होतो. नवीन माणूस पारखायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही.

केईएक्सपी हे अमेरिकेतल्या सिएटलचं रेडिओ स्टेशन, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं. तिथं बँड पूर्ण ताकदीनं वाजवतो, मधे निवेदक दोन प्रश्न विचारतो. आइसलँड, माली, मेक्सिको, कुठलेही बँड. इंग्रजी येत नसलं तरी काही बिघडत नाही. लंडनचं एनटीएस 2011 पासून आहे, इंटरनेट रेडिओ. तिथं दर तासा-दोन तासाला नवा माणूस आपल्या आवडीची गाणी घेऊन येतो. काही वेळा फार विचित्र वाजवतात. मी भांडी घासताना लावतो. बायको म्हणते, मिक्सर बिघडलाय का.

आणि एक कान तयार करणारं पॉडकास्ट, साँग एक्सप्लोडर. 2014 पासून. करणाऱ्याचं नाव हृषिकेश हिरवे. नाव वाचल्यावर मी उठूनच बसलो. वाढलाय अमेरिकेत. तो एक गाणं घेतो आणि कलाकाराकडून त्याचा एकेक धागा उसवून घेतो. नुसता बास, नुसता आवाज, मागं लपलेली टाळी. स्वतःचे प्रश्न तो कापून टाकतो, बोलतो फक्त कलाकार. शेवटी पूर्ण गाणं लागतं, आणि मघाशी जे ऐकूच येत नव्हतं ते सगळं ऐकू येतं. राजारामपुरीतून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पोचेपर्यंत एक भाग होतो. गाडीवर असाल तर एकच कान, दुसरा ट्रकसाठी मोकळा ठेवा. किंवा सरळ बसनं जा.

बरं, आता मी कसं ऐकतो ते. एक निवेदक धरायचा. दहा नाही, एक. त्याचे चार भाग ऐकायचे. चार भागांत एकही गाणं चिकटलं नाही तर राम राम. दोन चिकटली तर तो तुमचा दुकानदार. मग त्यानं न आवडणारं काही लावलं तरी पुढं ढकलायचं नाही, पूर्ण ऐकायचं. तेरावं गाणं पहिल्यांदा डोकं फिरवणारच. भागाखालच्या माहितीत बहुतेक वेळा गाण्यांची नावं असतात, ती वहीत उतरवून घ्या. वहीतच. फोनमध्ये जपून ठेवलेलं मी तरी परत कधी उघडलेलं नाही.

आवडलं की त्या कलाकाराचं नाव शोधून थेट त्याच्या पानावर जा. मुंबईचा अभंग रीपोस्ट हा बँड मला असाच मिळाला. गिटार आणि ड्रमवर अभंग, आमच्या वडिलांनी आधी नाक मुरडलं, आता गाडीत तेच लावतात. आणि ऐकताना एवढं ध्यानात ठेवा, स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपनं 2024 पासून नियम केलाय की वर्षभरात 1,000 वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. 30 सेकंद ऐकलं तरच एक वेळ मोजतात. म्हणजे मोठ्या गायकाला तुमच्या ऐकण्यानं ढिम्म फरक पडत नाही, पण आजऱ्याच्या पोराचं गाणं तुम्ही आणि तुमच्या मित्रांनी ऐकलंत की त्याचा आकडा खरोखर हलतो. विकत घ्यायचं असेल तर बँडकॅम्प ही वेबसाइट आहे, डिजिटल विक्रीत त्यांचा वाटा 15 टक्के, बाकीचे पैसे, पैसे फिरवण्याचा खर्च वजा जाता, कलाकाराला. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या, नाहीतर माझ्यासारखं तीनदा ओटीपी टाकून बसाल.

मराठीत असं एकाच कानाचं, दर आठवड्याला नवीन गाणी ऐकवणारं अजून पुरेसं काही नाही, असं माझं मत आहे. म्हणून आम्हीच एक खटाटोप केलाय. शिवाजी पेठेत मित्राच्या गच्चीवर. एक गिटार, एक पेटी, तालमीतला एक हलगीवाला आणि एकच माईक. स्पीकर नाही, टायनी डेस्कचा आव आणून. पहिल्या टेकला रेकॉर्डिंगमध्ये फक्त हलगी. गाणारा तोंड हलवतोय एवढंच दिसतंय. आवाज कमी-जास्त करणारा मिक्सर नाही, मग आवाज कमी कसा करायचा? अंतरानं. हलगीवाल्याला चार पावलं मागं नेला. तरी भारी. पाण्याच्या टाकीपलीकडं उभा केला. तरी भारी. तो म्हणाला, "दादा, हलगी हळू वाजवायची म्हणजे वाजवायचीच कशाला?" मुद्दा बरोबर होता. शेवटी त्याला जिन्यात उतरवला, दार अर्धं लोटलं, आणि सहाव्या टेकला सगळं जागेवर बसलं. मधेच शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी झाली, नेमकी समेवर. ती काढली नाही.

पुढच्या रविवारी टाकतोय. हलगीवाला चित्रात दिसणार नाही, तो जिन्यात आहे.