पाटी त्यांची, गाळा आपला

(दृश्य: पुण्यातील एक गजबजलेला रस्ता. दोन चौकांत एकाच रंगाच्या, एकाच नावाच्या पाट्या लावलेली चहाची दुकाने.)

पुण्यात आणि राज्यातल्या अनेक तालुक्यांच्या गावी एकाच नावाची चहाची दुकाने ठिकठिकाणी दिसतात. गिऱ्हाइकाला ती सगळी एकाच मालकाची वाटतात, पण त्यांतल्या अनेक दुकानांचा मालक निराळा असतो. गाळ्याचे भाडे तो भरतो, कामाला माणसे तो ठेवतो आणि पहाटे शटरही तोच उघडतो. मात्र चहाचा मसाला, कपाचा आकार, विक्रीचा भाव आणि भिंतीचा रंग या गोष्टी दुसरीकडे कोणीतरी ठरवलेल्या असतात. या व्यवस्थेला फ्रँचायझी म्हणतात. मूळ कंपनी आपले नाव, बोधचिन्ह आणि धंदा चालवण्याची बसवलेली पद्धत ठरावीक मुदतीसाठी वापरायला देते. त्या बदल्यात दुकानदार सुरुवातीला एकरकमी शुल्क आणि पुढे दरमहा विक्रीच्या टक्केवारीने रॉयल्टी भरतो. आपण ‘फ्रँचायझी विकत घेतली’ असे सर्रास म्हणतो, पण येथे विकत काहीच मिळत नाही. मिळतो तो केवळ वापराचा हक्क, आणि तोही मुदतीपुरता.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात १८८८ मध्ये केशप्रसाधनाचे दुकान काढणाऱ्या मार्था माटिल्डा हार्पर स्वतः अनेक वर्षे लोकांच्या घरी काम करत होत्या. पुढच्या दशकात त्यांनी आपली पद्धत इतर कष्टकरी स्त्रियांना शिकवली आणि त्याच नावाची दुकाने निरनिराळ्या शहरांत त्यांना चालवायला दिली. तरीही आज फ्रँचायझी म्हटले की डोळ्यांसमोर येते ते मॅकडोनाल्ड्स, आणि या धंद्यातला पैसा नेमका कोठे असतो हे समजून घ्यायला तेच उदाहरण सर्वांत उपयोगी आहे.

(दृश्य: कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो, जुनी छायाचित्रे.)

रिचर्ड आणि मॉरिस या मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये आपले चालते उपाहारगृह काही काळ बंद ठेवले, पदार्थांची यादी छाटून नऊवर आणली आणि हॅम्बर्गरचा भाव १५ सेंट ठेवला. नव्या स्वयंपाकघराचा आराखडा त्यांनी टेनिसच्या मैदानावर खडूने प्रत्यक्ष मापात आखला, त्यात कामगारांना काम करत असल्यासारखे फिरायला लावले आणि पावले कोठे वाया जातात, माणसे एकमेकांच्या आड कोठे येतात, हे पाहून रेषा पुन्हा पुन्हा बदलल्या. पुढे जगभर जे भाड्याने दिले गेले, ते त्या खडूच्या रेषांत होते. पदार्थाची चव ही त्यामानाने दुय्यम बाब होती.

मिल्कशेकची यंत्रे विकणारे रे क्रॉक १९५४ मध्ये तेथे पोहोचले आणि त्यांनी देशभर फ्रँचायझी देण्याचे हक्क मिळवले. प्रत्येक दुकानाकडून सुरुवातीला ९५० डॉलर आणि नंतर विक्रीच्या १.९ टक्के घ्यायचे, त्यातले ०.५ टक्के मॅकडोनाल्ड बंधूंना द्यायचे, असा तो करार होता. उरलेल्या १.४ टक्क्यांत क्रॉक यांच्या कंपनीचा खर्च भागेना. तेव्हा हॅरी सोनबॉर्न या त्यांच्या सहकाऱ्याने वेगळी वाट काढली: जागा कंपनीनेच ताब्यात घ्यायची आणि ती दुकानदाराला चढ्या भाड्याने द्यायची. त्यामुळे रॉयल्टीखेरीज भाड्याचा कायमचा ओघ सुरू झाला, आणि नियम मोडणाऱ्या दुकानदाराच्या पायाखालची जमीनही कंपनीच्याच हातात राहिली. १९६१ मध्ये क्रॉक यांनी बंधूंचे सर्व हक्क २७ लाख डॉलरना घेतले. आज मॅकडोनाल्ड्सची सुमारे ९५ टक्के उपाहारगृहे फ्रँचायझीधारक चालवतात.

(दृश्य: पुन्हा चहाचे दुकान, गल्ला, हिशेबाची वही.)

आता आपल्या चौकातल्या दुकानाचा एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. महिन्याची विक्री ३ लाख रुपये. दूध, साखर, मसाला आणि कप यांचे १ लाख २० हजार, पगाराचे ६० हजार, गाळ्याचे भाडे ४५ हजार, गॅस व विजेचे २० हजार, ५ टक्के रॉयल्टीचे १५ हजार आणि कंपनीच्या जाहिरात निधीचे २ टक्के म्हणजे ६ हजार जाऊन दुकानदाराच्या हाती ३४ हजार उरतात. समजा, शंभर पावलांवर दुसरे दुकान उघडले आणि विक्री अडीच लाखांवर आली. कच्चा माल त्या प्रमाणात कमी लागेल, पण पगार, भाडे, गॅस आणि वीज जवळपास तेवढेच राहतील. कंपनीची वसुली २१ हजारांवरून साडेसतरा हजारांवर येईल. दुकानदाराची शिल्लक मात्र ३४ हजारांवरून साडेसात हजारांवर घसरेल, आणि सजावटीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता यातूनच फेडायचा आहे. रॉयल्टी नफ्यावर नव्हे तर विक्रीवर आकारली जाते, याचा अर्थ हा असा आहे. शिवाय ते दुसरे दुकान त्याच कंपनीचे असेल, तर कंपनीची एकूण वसुली वाढलेलीच असेल. म्हणून शुल्क किती यापेक्षा आपल्या परिसरात दुसरी फ्रँचायझी न देण्याचे वचन करारात आहे की नाही, हे आधी वाचावे.

अमेरिकेत करारावर सही होण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीने २३ मुद्द्यांची लेखी माहिती देणे बंधनकारक आहे. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा यांवरच मुख्यतः काम चालते.

त्यातला कळीचा निवाडा शीतपेयांच्या धंद्यातून आला. पार्लेचे थम्स अप, लिम्का आदी ब्रँड १९९३ मध्ये कोका-कोलाने घेतले. ही पेये बाटलीबंद करणाऱ्या गुजरात बॉटलिंग या कंपनीचे नियंत्रण पुढे प्रतिस्पर्धी पेप्सीच्या बाजूला गेले, आणि वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये असे ठरवले की, करार चालू असेपर्यंत दुसऱ्याचा माल न बनवण्याचे बंधन हे व्यापारावरचे बेकायदा निर्बंध ठरत नाही. मुदत संपल्यानंतरचे बंधन मात्र, धंद्याला आडकाठी करणारे करार रद्द ठरवणाऱ्या करार कायद्याच्या २७व्या कलमामुळे, भारतीय न्यायालयांत सहसा टिकत नाही. म्हणजे पाटी उतरवून, रंग बदलून, कंपनीची गुपिते न वापरता त्याच गाळ्यात स्वतःच्या नावाने चहा विकणाऱ्याला अडवणे कंपनीला अवघड जाते. अनामत केव्हा परत मिळेल आणि नावाचे छापील कप कोण परत घेईल, हे कलम २७ सांगत नाही. ते करारातच लिहून घ्यावे लागते.