खडी फोडणारे दोघे

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवरून चित्र दाखवायचं म्हणजे पंचाईतच. पण आजच्या चित्रापुरते आपण सगळे सारखेच, कारण ते आता कुणालाच पाहता येत नाही. फ्रेंच चित्रकार गुस्ताव कूर्बे यानं 1849 साली रंगवलेलं ‘खडी फोडणारे’. 1945 मध्ये ड्रेस्डेनजवळ बाँबहल्ल्यात ते जळालं. उरली ती छायाचित्रं.

कूर्बेनं एका मित्राला पत्रात लिहिलेली हकिगत ऐका, मला ती सांगायला फार आवडते. स्वारी घोडागाडीतून निघाली होती, एका वाड्यापाशी निसर्गचित्र काढायला. वाटेत रस्त्याकडेला दोघं जण खडी फोडताना दिसले. गाडी थांबवली. एक सत्तरीचा म्हातारा, उन्हानं रापलेला, डोक्याला गवती टोपी. विजारीला ठिगळं. पायांत तडकलेले लाकडी बूट, आणि एके काळी निळ्या असलेल्या मोज्यांतून टाचा बाहेर. दुसरा पोरगेलासा, अंगात मळका, फाटका सदरा. कूर्बेनं त्यांना सांगितलं, उद्या सकाळी माझ्या चित्रशाळेत या. आणि आले की दोघं! त्या वाड्याची आज कुणाला पडलीय म्हणा. पत्रात पुढे कूर्बे लिहितो, या धंद्यात सुरुवात होते ती त्या पोरासारखी आणि शेवट या म्हाताऱ्यासारखा.

तर चित्रात म्हातारा एक गुडघा टेकून हातोडा उगारतोय, पोरगा खडीची टोपली मांडीचा टेकू देऊन उचलतोय. कडेला जेवणाचं भांडं, त्यात चमचा. चेहरे मात्र दिसत नाहीत. म्हाताऱ्याचा टोपीच्या सावलीत, पोराचा पलीकडे वळलेला. पुन्हा सांगतो, चेहरे दिसत नाहीत. दिसतात ती ठिगळं, टाचा, पाठी.

पुस्तकांत हे चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं छापतात, त्याचा मला भारी राग येतो. अहो, मूळ चित्र अडीच मीटर रुंद होतं! एवढा कॅनव्हास तेव्हा राजेरजवाड्यांसाठी, लढायांसाठी, देवादिकांसाठी. त्यावर खडी फोडणारे? पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात ते लागलं तेव्हा नाकं मुरडली गेलीच.

विचारवंत प्रूदाँ यानं मात्र ते डोक्यावर घेतलं. त्यानं लिहून ठेवलंय, हे चित्र पाहिलेल्या खेडुतांना ते आपल्या गावात लावायला हवं होतं. कुठे, ओळखा. चर्चमध्ये, थेट मुख्य वेदीवर.