सीटखालची रिकामी जागा

(शेडचं दार सरकतं. ताडपत्री निघते.)

अमेरिकेतल्या मिशिगनमधली ही शेड. ताडपत्रीखाली आहे अँफिकॅट. प्लास्टिकचं टबासारखं धड, सहा गुबगुबीत टायर, सोळा अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन. चिखलातून थेट तळ्यात उतरणारी गाडी. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आणि कॅनडात अशा गाड्यांचं वेडच होतं. पुढच्या दशकात बहुतेक कारखाने बंद पडले.

(कॅमेरा सीटखाली. बोल्टांची रिकामी भोकं.)

इंजिन जागेवर आहे. गिअरबॉक्स नाही. गाडी विकत घेतली तेव्हाच नव्हता.

आता हे दोन दांडे बघा. या गाडीला स्टिअरिंग नाही, पुढची चाकं वळत नाहीत. डावा दांडा ओढला की डावीकडची तिन्ही चाकं थांबतात, उजवीकडची फिरत राहतात आणि गाडी डावीकडे वळते. दोन्ही ओढले की उभी राहते. हे सारं करतो बोर्ग-वॉर्नर कंपनीचा टी-२० नावाचा गिअरबॉक्स. तो गेला तेव्हा चाल, वळण आणि ब्रेक तिन्ही गेले. त्याच्या जागी मोटारीचा साधा गिअरबॉक्स टाकून भागत नाही, कारण दोन्ही बाजू वेगवेगळ्या थांबवणं त्याला जमत नाही.

दुसरा टी-२० मिळाला तो धड तडकलेल्या एका अँफिकॅटमधून. ती आता चालणार नाही.

(टेबलावर उघडा गिअरबॉक्स. जवळून हात.)

हे हात एका निवृत्त मशिनिस्टचे. काळं पडलेलं तेल काढून झालंय. मधे एक गिअर, त्याभोवती फिरणारे छोटे गिअर, आणि ड्रमला आवळून धरणारे पट्टे. एकेक पट्टा उजेडात धरून ते बघतात, बोट फिरवतात, बाजूला ठेवतात. घाई अजिबात नाही. सील नवे बसतात. गाडी जुनी झाली की भंगारात काढा, असं सहज म्हणणाऱ्यांनी ही दोन मिनिटं जरूर बघावीत.

गिअरबॉक्स जागेवर बसला तरी काम अर्धंच. इंजिनची पुली आणि गिअरबॉक्सची पुली एका रेषेत नसेल तर दोन्हींना जोडणारा बेल्ट खाल्ला जातो. म्हणून ही सरळ पट्टी, दोन्हींना टेकवलेली. बोल्ट सैल करायचा, गिअरबॉक्स केसभर सरकवायचा, पुन्हा बघायचं.

मग चेन. गिअरबॉक्सकडून अॅक्सलला, एका अॅक्सलकडून दुसऱ्याला, म्हणजे एका बाजूची तिन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात. धडात हात जेमतेम शिरतो. ही चेन तिसऱ्यांदा चढवली जातेय.

(तळ्याचा काठ. इंजिन सुरू.)

पाण्यात वेगळा पंखा नाही. टायरांच्या खाचाच पाणी मागे ढकलतात. वेग माणसाच्या चालीएवढा.

(पुढची चाकं पाण्यात. निवेदन थांबतं. फक्त इंजिनचा आवाज.)